रणांगणामागची चूल

मैत्रिणींनो, कुठल्याही गावच्या वाचनालयात जाऊन पाहा. कथा-कादंबऱ्यांच्या कपाटापाशी आपली गर्दी. पाककृती, विणकाम, बालसंगोपन या खणांपाशीही आपणच. पण युद्धाच्या नि सेनापतींच्या आठवणींचे कपाट असते, तिथे मात्र पेन्शनर आजोबा नाहीतर कॉलेजातली मुलं. आपल्यापैकी कुणी चुकून तिथे रेंगाळलीच, तर ग्रंथपाल अगदी सहज विचारतात, "मिस्टरांसाठी हवंय का?"

या लेखात मी तुम्हाला त्याच कपाटातली काही पुस्तके सुचवणार आहे. तीही 'ह्यां'च्यासाठी नाही, तुमच्यासाठी. मी काही मोठी इतिहासतज्ज्ञ नव्हे. इतिहास घेऊन बी. ए. झाले, घर सांभाळून शाळेत अर्धवेळ शिकवते, एवढाच माझा अधिकार. पण ही पुस्तके वाचता वाचता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, ती तुमच्या कानावर घालावीशी वाटते. युद्धाच्या पुस्तकांत तोफा नि नकाशे असतात हे खरं, पण धान्य, पाणी, कपडे, औषधपाणी आणि घरून येणारी पत्रं यांनीही पानंच्या पानं भरलेली असतात. म्हणजे सगळं आपल्याच खात्यातलं! पाच माणसांच्या घरात महिनाअखेरीला डब्यांचे तळ दिसू लागले की काय होतं, हे जिला ठाऊक आहे, तिला अख्ख्या छावणीचं काय झालं असेल ते समजावून सांगायला कुणा सेनापतीची गरज नाही.

सुरुवात आपल्या घरच्याच पुस्तकाने करा. विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसई गावचे हे गरीब भिक्षुक. घरावर कर्ज झालेले. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा चांगली मिळेल, असं कानावर आलं, म्हणून १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. निघाले दक्षिणेसाठी आणि सापडले बंडाच्या वणव्यात! १८५८ च्या मार्च-एप्रिलमध्ये इंग्रजांनी झाशीला वेढा घातला तेव्हा हे गृहस्थ शहरात होते. शहर पडलं, लुटालूट नि कत्तल झाली, ती त्यांनी जीव मुठीत धरून लपूनछपून पाहिली. मिळवलेला पैसा वाटेत लुटारूंनी नेला. शेवटी घरी पोचले ते आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन.

हे लिहिणारा माणूस शिपाई नाही, सरदार नाही. त्याला भूक लागते, भीती वाटते, घरची आठवण येते. म्हणूनच पुस्तक इतकं जवळचं वाटतं. झाशीच्या राणीला आपण घोड्यावर, पाठीशी मूल बांधलेली अशीच पाहत आलो. इथे ती काल्पीच्या वाटेवर तहानलेली भेटते. विहिरीवर गोडसेभटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात, तर 'तुम्ही विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी पाणी काढू नका' असं म्हणून ती स्वतःच ओढून घेते. राज्य गेलेली बाई, अंगावर धुळीने भरलेले कपडे, नि तरी रीतभात सुटलेली नाही. शाळेत हा भाग सांगितला की मुली एकदम गप्प होतात. हे आठवणींचं पुस्तक गोडसे यांनी बऱ्याच वर्षांनी लिहून काढलं आणि छापायला १९०७ साल उजाडलं. भाषा जुनी आहे, पण पहिली दहा पानं नेटाने वाचा. पुढे आपल्याच गावचे कुणी काका ओटीवर बसून सांगताहेत असं वाटू लागतं.

दुसरं पुस्तक पानिपतावरचं. 'पानिपत झालं', 'संक्रांत कोसळली' हे आपण उठता-बसता म्हणतो, मग ते पानिपत काय होतं ते नीट वाचायला नको का? त्र्यंबक शंकर शेजवलकर यांचा 'पानिपत : १७६१' हा ग्रंथ त्यासाठी घ्या. जाड आहे, अभ्यासाचा आहे. एकदम झेपेलसं वाटत नसेल, तर आधी विश्वास पाटील यांची १९८८ साली आलेली 'पानिपत' कादंबरी वाचा, मग शेजवलकरांकडे वळा. कादंबरीने माणसं ओळखीची होतात, ग्रंथाने घटना पक्क्या होतात.

वाचताना लढाईच्या एका दिवसापेक्षा आधीचे अडीच महिने जास्त लक्ष देऊन पाहा. १७६० च्या ऑक्टोबरअखेर अब्दालीने यमुना ओलांडली आणि मराठ्यांची दक्षिणेकडची वाट अडवली. छावणीत लढणाऱ्यांबरोबर यात्रेकरू, बायकामुलं, नोकरचाकर असा भला मोठा गोतावळा. सगळ्यांची पोटं भरायची, आणि बाहेरून दाणा येणं दिवसेंदिवस कमी झालेलं. रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले नि उरलीसुरली आशाही संपली. शेवटी १४ जानेवारी १७६१ ला, ऐन संक्रांतीच्या सुमाराला, उपाशी माणसं आणि उपाशी घोडी लढाईला बाहेर पडली. पराभवाची कारणं परीक्षेत पाच गुणांना विचारतात, मुलंही धडाधडा लिहितात. पण 'रसद तुटली' हे दोन शब्द म्हणजे काय, ते चुलीपुढे उभी राहणारी बाईच खरं समजू शकते.

आणि त्या मोहिमेबरोबर गेलेल्या पार्वतीबाईंना विसरू नका. सदाशिवरावभाऊंच्या या पत्नी रणधुमाळीतून कशाबशा वाचून दक्षिणेत परतल्या. भाऊ गेले हे त्यांनी मानलं नाही. पुढे भाऊंचं सोंग घेऊन एक तोतया उभा राहिला, त्याला १७७६ साली देहदंड झाला. पंधरा वर्षं झाली तरी त्या एका घराची लढाई संपली नव्हती, ती अशी.

आता थोडं अलीकडे येऊ. १९६२ च्या चीनच्या युद्धात आपल्या आजी-आजेसासूबाईंच्या पिढीने हातातल्या पाटल्या-बांगड्या संरक्षण निधीला दिल्या, जवानांसाठी लोकरीचे स्वेटर विणले. बहुतेक घरांतून ही गोष्ट अभिमानाने सांगतात, आणि सांगावीच. पण ते स्वेटर विणायची पाळी का आली, हे कळायचं असेल तर ब्रिगेडियर जॉन दळवी यांचं 'हिमालयन ब्लंडर' वाचा. हे इंग्रजी पुस्तक १९६९ साली प्रसिद्ध झालं. दळवी नामका चू नदीकाठच्या सातव्या ब्रिगेडचे प्रमुख. त्यांच्या जवानांना हिमालयातल्या थंडीत पाठवलं ते सुती कपड्यांत नि कॅन्व्हासच्या बुटांत. दारूगोळा तुटपुंजा, अन्न विमानातून टाकायचं, त्यातलं कितीतरी दरीत जायचं. २० ऑक्टोबरला चिनी हल्ला झाला, दोन दिवसांनी दळवी पकडले गेले आणि सुमारे सात महिने चीनच्या कैदेत राहिले. सुटून आल्यावर त्यांनी हे लिहिलं ते संतापाने लिहिलं, आणि तो संताप पानापानांवर आहे.

संतापाचं पुस्तक एकट्याने वाचू नये, त्याला जोडीदार द्यावा. इथे तो मराठीत मिळतो. मेजर जनरल शशिकांत पित्रे यांचं 'न सांगण्याजोगी गोष्ट' याच पराभवावर आहे. एकाने स्वतः भोगलं ते सांगितलं, दुसऱ्याने बऱ्याच वर्षांनी मागे वळून सगळा पट मांडला. घरातल्या भांडणातही दोन्ही बाजू ऐकल्याखेरीज आपण निकाल देत नाही, तोच नियम इथेही. १९६२ च्या नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' असं आपण कौतुकाने म्हणतो. ही दोन पुस्तकं वाचली की सह्याद्रीला धावावं का लागलं तेही कळतं.

पराभवानंतर घर पुन्हा कसं सावरतात, ते पाहायचंय? मग फील्ड मार्शल स्लिम यांचं 'डिफीट इन्टू व्हिक्टरी' काढा. १९५६ सालचं पुस्तक. १९४२ मध्ये जपान्यांनी ब्रह्मदेशातून इंग्रजांचं सैन्य पिटाळलं, त्या माघारीत स्लिम होते. १९४४ मध्ये इंफाळ नि कोहिमाला त्यांनी जपान्यांना अडवलं आणि १९४५ मध्ये ब्रह्मदेश परत घेतला. त्यांच्या चौदाव्या सेनेत सर्वांत मोठा भरणा हिंदी शिपायांचा होता. आपल्या कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात, पुढे लेफ्टनंट जनरल झाले ते, याच ब्रह्मदेशात कांगॉच्या लढाईत पलटणीचे प्रमुख होते.

या पुस्तकाची गंमत सांगू? इतका मोठा सेनापती, पण सांगतो काय, तर दुखणी कशी आवरली! एक वेळ अशी होती की एका जखमी माणसामागे एकशेवीस आजारी माणसं मागे पाठवावी लागत होती. हिवताप, हगवण यांनीच सैन्य खाल्लं होतं. मग हिवतापाची गोळी रोज अधिकाऱ्यासमोर गिळायची, असा हुकूम निघाला. स्लिम अचानक रक्ततपासणी करवीत, आणि ज्या पलटणीत गोळ्या नीट घेतल्या नसतील तिच्या प्रमुखाला घरी पाठवीत. तिघांना काढल्यावर बाकीचे समजले! पोरांना औषध देताना 'तोंड उघड बघू' म्हणणाऱ्या आपल्या जातीचाच हा माणूस. पुढे विमानातून सामान टाकायला रेशमी छत्र्या मिळेनात, तर त्यांनी कलकत्त्याच्या ताग-गिरण्यांकडून गोणपाटाच्या छत्र्या करून घेतल्या. रेशमी छत्रीला वीस पौंडांहून जास्त, हिला एक पौंडाच्या आसपास. काटकसर म्हणतात ती ही! शिवाय आपलं कुठे चुकलं हे स्लिम स्वतःच उघड सांगतात. मोठ्या माणसांच्या आठवणींत ही गोष्ट फार दुर्मीळ.

इथवर पुरुषांनी लिहिलेली पुस्तकं झाली. बायकांनी लिहिलेली दोन सांगते, दोन्ही मनाची तयारी करून वाचायची.

पहिलं व्हेरा ब्रिटन यांचं 'टेस्टामेंट ऑफ यूथ', १९३३ सालचं. पहिल्या महायुद्धात ही मुलगी ऑक्सफर्डचं शिक्षण अर्धवट सोडून नर्स झाली. १९१५ च्या नाताळात तिचा वाग्दत्त वर रजेवर यायचा होता. ती वाट पाहत असताना फोन आला तो तो गेल्याचा. पुढे त्याचे चिखलाने माखलेले कपडे घरी आले, ते त्याच्या आईसमोर उघडले गेले, हा प्रसंग तर वाचवत नाही. दोन जवळचे मित्र १९१७ मध्ये गेले, एकुलता एक भाऊ १९१८ च्या जूनमध्ये इटलीत. माल्टा, फ्रान्स इथल्या इस्पितळांत तिने काम केलं, जखमी जर्मन कैद्यांचीही शुश्रूषा केली. आणि एवढ्या युद्धातून तिला घरी बोलावलं कशासाठी, तर आई आजारी, घर बघायला कुणी नाही! हे वाचताना आपल्यापैकी कितीजणी कसनुसं हसतील, ते मला माहीत आहे.

दुसरं स्वेतलाना अलेक्सिविच यांचं. इंग्रजीत 'द अनवुमनली फेस ऑफ वॉर' या नावाने मिळतं. मूळ रशियन पुस्तक १९८५ मध्ये निघालं, लेखिकेला २०१५ चं नोबेल पारितोषिक मिळालं. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सैन्यात लाखो बायका होत्या. नेमबाज, वैमानिक, डॉक्टर होत्या, तशाच रोट्या भाजणाऱ्या, शिपायांचे कपडे धुणाऱ्याही होत्या. अलेक्सिविचबाईंनी अशा शेकडो बायकांना बोलतं केलं. त्यांना पुरुषांचेच कपडे, पुरुषांचेच बूट घालावे लागले. युद्ध संपल्यावर पुरुषांनी पदकं मिरवली, आणि कितीतरी बायकांनी ती पेटीत लपवली, कारण आघाडीवर राहून आलेल्या मुलीकडे लोक वाकड्या नजरेने पाहत. सांगणाऱ्या बायका लढाईचे आराखडे सांगत नाहीत. रक्त, केस, घोडी, गाणी, पहिल्यांदा मारलेला माणूस, हेच त्यांना आठवतं. हे पुस्तक लहान मुलांच्या हाती देऊ नका, आणि रात्री निजताना तर मुळीच वाचू नका.

मुलांसाठी काय द्यावं, असं तुम्ही विचारणार. रचना बिश्त रावत यांचं 'द ब्रेव्ह' द्या. २०१४ साली आलेल्या या पुस्तकात परमवीर चक्राच्या एकवीस मानकऱ्यांच्या गोष्टी आहेत. त्यात आपले रामा राघोबा राणेही भेटतील. १९४८ च्या एप्रिलमध्ये राजौरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे सुरुंग नि अडथळे ज्यांनी गोळीबारात दूर केले, ते. गोष्टी सांगून झाल्या की मुलांना एक जास्तीची माहिती सांगा. हे पदक रेखाटलं ते एका बाईने, सावित्रीबाई खानोलकरांनी. जन्माने त्या युरोपातल्या, बालपण स्वित्झर्लंडचं. विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून इथल्या झाल्या, मराठी नि संस्कृत शिकल्या. पदकावर इंद्राचं वज्र घेतलं ते त्यांनी. आणि दैव असं, की पहिलं परमवीर चक्र ज्यांना मरणोत्तर मिळालं ते मेजर सोमनाथ शर्मा सावित्रीबाईंच्या थोरल्या मुलीचे दीर होते.

आता तुम्ही म्हणाल, एवढं दुःख वाचायचं कशाला? घरात काय कमी व्याप आहेत? याचं उत्तर मला एका पालक-आईमुळे सापडलं. तिचा मुलगा बारावीत. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत जायचं त्याने मनात घेतलेलं. वडील खूष, आजोबा खूष. ही मात्र मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "बाई, फॉर्म भरू दे, पण नापास होऊ दे असं मी देवाला सांगते. असं सांगणं पाप आहे का हो?"

मी तिला हो म्हटलं नाही नि नाही म्हटलं नाही. दळवींचं पुस्तक दिलं, आणि मेजर जनरल इयन कार्डोझो यांचं 'परमवीर' दिलं. हे कार्डोझो १९७१ च्या युद्धात सुरुंगावर पाय पडून जखमी झाले आणि निकामी पाय त्यांनी स्वतःच्या खुकरीने कापला. पुढे लाकडी पाय लावून पलटणीचं नि ब्रिगेडचं नेतृत्व केलं. महिन्याभराने तिने पुस्तकं परत केली. म्हणाली, "मी त्याला तीन प्रश्न विचारले. पाय गेला तर काय करशील? वरच्याचा हुकूम चुकीचा आहे असं वाटलं तर काय करशील? आणि पलीकडचा शिपाईही कुणाचा तरी मुलगा आहे, हे तुझ्या लक्षात राहील का?" मुलगा दोन दिवस गप्प होता म्हणे. मग आईपाशी बसून, आयुष्यात पहिल्यांदाच, नीट बोलला. तिने फॉर्मवर खुशीने सही केली. पहिल्या खेपेला तो मुलाखतीत अडकला, दुसऱ्या खेपेची तयारी चालू आहे. ती म्हणते, "आता देवापाशी काय मागते आहे, ते निदान मला कळतं."

म्हणून म्हणते, वाचा. गावात मिरवणूक निघाली, टीव्हीवर विमानं उडाली की टाळ्या वाजवणं सोपं असतं. मुलाने नाव काढलं की डोळ्यांना पदर लावणंही सोपं असतं. त्या दोन्हींच्या मध्ये विचार करून 'हो' किंवा 'नको' म्हणणारी आई त्या घरात हवी असते. आणि आता हा प्रश्न फक्त मुलांच्या आयांचा राहिलेला नाही. खडकवासल्याला २०२२ पासून मुलीही दाखल होऊ लागल्या, आणि पहिल्या तुकडीतल्या सतरा मुली २०२५ च्या मेमध्ये शिक्षण पुरं करून बाहेर पडल्या. उद्या आपली सोनू, पिंकी फॉर्म घेऊन पुढ्यात उभी राहिली, तर?

जाता जाता वाचनाच्या चार युक्त्या. एक, मुलांचा शाळेचा नकाशासंग्रह शेजारी उघडा ठेवा. झाशी, काल्पी, पानिपत, कोहिमा यांवर बोट ठेवलं की अर्धी लढाई समजते. दोन, पलटणींचे आकडे नि अधिकाऱ्यांचे हुद्दे पहिल्या वाचनात खुशाल सोडून द्या. तीन, एक जुनी वही करा. प्रत्येक पुस्तकातून तीनच गोष्टी टिपा : ही माणसं काय खात होती, कशाला भीत होती, घरी त्यांची वाट कोण पाहत होतं. चार, इंग्रजी पुस्तकाला बिचकू नका. दुपारी भांडी आवरल्यावर रोज दहा पानं, जवळ शब्दकोश. महिना-दीड महिन्यात स्लिमसाहेबसुद्धा संपतात! पुस्तक वाचनालयात नसेल तर मागणीच्या वहीत नाव लिहा. चारजणींनी लिहिलं की ग्रंथपालांना ते आणावं लागतं.

मग येत्या आठवड्यात जाताय ना त्या कपाटापाशी? आणि कुणी "मिस्टरांसाठी का?" असं विचारलंच, तर हसून सांगा, "नाही हो, माझं झालं की मग त्यांना देईन."